पेटी कीं वाहन?

मोटर बसविलेल्या स्वारीच्या बॅगांविषयीं कुटुंबांनीं करावयाचा विचार

कोंकणी माणसाचा प्रवास म्हटला कीं त्याचें सामान आधीं डोळ्यांसमोर येतें. मुंबईस निघालेल्या मंडळींबरोबर कुळथाचें पीठ, आमसुलें, फणसपोळी आणि शेजाऱ्यांनीं आपल्या मुलासाठीं दिलेलें एखादें बोचकें असावयाचेंच. आणि गणपतीस गांवीं परततांना त्याच्या दुप्पट ओझें. वळकटी व पत्र्याची ट्रंक, मग कातडी बॅग, मग चाकांची बॅग, अशीं सामानाचीं रूपें बदलत गेलीं. परंतु एक गोष्ट सर्व पिढ्यांनीं सारखीच केली. गाडीस उशीर झाला म्हणजे सामान फलाटावर मांडून त्यावर बैठक मारली. वैभववाडी रोड स्टेशनांत चतुर्थीच्या दिवसांत ट्रंकेवर बसलेली आजी आणि तिच्या मांडीवरचें नातवंड हें दृश्य ज्यानें पाहिलें नाहीं असा या भागांतला माणूस विरळा. त्या ट्रंकेनें कोणास कधीं धक्का दिला नाहीं, कारण ती जागच्या जागीं राहात होती.

आतां ही बैठक चालूं लागली आहे. बाजारांत अशा बॅगा आल्या आहेत कीं, ज्यांच्या पोटांत बॅटरी व विजेची मोटर असते, वर बसावयास जागा असते, पुढें सायकलीसारखी मूठ निघते आणि मुठीवरील कळ दाबली कीं स्वारासह बॅग धांवूं लागते. तिचा वेग कांहीं प्रकारांत ताशीं १३ किलोमीटरपर्यंत जातो. मोठ्या विमानतळांवर हीं वाहनें दिसूं लागलीं, तेथून तीं चित्रफितींतून मुलांच्या डोळ्यांत भरलीं, आणि परदेशस्थ आप्तांच्या सामानांतून तीं आपल्या गांवीं येण्यास आतां फारशी अडचण उरलेली नाहीं. परुळ्याजवळील चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळाचें उद्घाटन ऑक्टोबर २०२१ मध्यें झालें. गोव्यांतील मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला. एके काळीं ज्या वस्तु मुंबईच्या दुकानांत पाहून परत यावें लागे, त्या आतां थेट अंगणांत उतरतात.

अशा वेळीं घरांतील कर्त्या माणसांस दोन टोकें मोहांत पाडतात. एक म्हणजे 'नवीन खेळणें आहे, मुलांस हौस करूं द्या' असें म्हणून मोकळें होणें. दुसरें म्हणजे 'हीं सर्व थेरें आहेत' म्हणून कपाळास आठ्या घालणें. दोन्हींत विचार करण्याचा त्रास वांचतो. येथें तो त्रास थोडासा घेण्याचें योजिलें आहे.

पेटीला चाकें कशीं आलीं

माणूस चंद्रावर १९६९ सालीं पोंचला, आणि पेटीला चाकें लावण्याचें अमेरिकन पेटंट मिळालें तें त्यानंतर तीन वर्षांनीं, १९७२ मध्यें! बर्नार्ड सॅडो हे बॅगांच्या एका कंपनींतील अधिकारी. सहकुटुंब सहलीवरून परततांना दोन जड बॅगा ओढण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्याच वेळीं एक कामगार जड यंत्र चाकांच्या फळीवरून सहज ढकलीत नेतांना त्यांनीं पाहिला, आणि घरीं येऊन बॅगेला चाकें व ओढावयास पट्टा लावला. आज सर्वत्र दिसणारी उभी, लांब दांड्याची बॅग मात्र रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानें १९८७ च्या सुमारास तयार केली.

यापुढची पायरी मुलांची. इंग्लंडांत २००६ पासून लहान मुलांनीं घोड्यासारखें वर बसावें आणि आईबापांनीं ओढीत न्यावें अशा 'ट्रंकी' नांवाच्या रंगीत पेट्या निघाल्या. तिला मोटर नव्हती. तिचा वेग म्हणजे ओढणाऱ्या आईचा वेग. मोटरीची कल्पना पुढें थोड्याच वर्षांत आली. चीनमधील हुनान प्रांतांतल्या एका शेतकऱ्यानें २०१४ सालीं स्वतः तयार केलेल्या बॅगेवर बसून चांगशा शहरांतून रेल्वे-स्टेशन गांठलें तेव्हां जगभरच्या वृत्तपत्रांनीं त्याचें कौतुक छापलें. दोन वर्षांनीं शिकागो येथील एका उद्योजकानें 'मोडोबॅग' या नांवानें अशी बॅग लोकांपुढें मांडली, आणि नंतर चिनी कारखान्यांनीं ती स्वस्तांत घडवावयास सुरुवात केली.

या इतिहासांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. चाकें आलीं तोंपर्यंत पेटी माणसाच्या मागें चालत होती, म्हणून तिचा वेग आपोआप माणसाच्या वेगाएवढाच राहिला. मोटर आली तेव्हां माणूस पेटीवर चढला, आणि हा नैसर्गिक लगाम सुटला. प्रश्न उत्पन्न झाला तो येथें.

नांवानें पेटी, करणीनें वाहन

जी वस्तु माणसास बसवून स्वतःच्या शक्तीनें रस्त्यावरून नेते तिला काय म्हणावें? दुकानदार तिला बॅग म्हणतो. जपानच्या पोलिसांनीं निराळें उत्तर दिलें. ओसाका शहरांत २०२४ सालीं एक परदेशी तरुणी अशा बॅगेवर बसून पदपथावरून जात होती. पोलिसांनीं ती बॅग हलक्या मोटरसायकलींच्या वर्गांत धरली आणि विनापरवाना वाहन चालविल्याबद्दल प्रकरण सरकारी वकिलांकडे पाठविलें. त्या वर्गांतील वाहन रस्त्यावर आणावयाचें तर चालकापाशीं परवाना हवा, वाहनास क्रमांकाची पाटी हवी, विमा हवा, डोक्यावर शिरस्त्राण हवें. यांपैकीं एकही गोष्ट बॅगेबरोबर विकत मिळत नाहीं! ओसाकाजवळील कन्साई व नागोयाचा चूबू या विमानतळांनींही प्रवाशांस इमारतींत अशा बॅगांवर स्वार न होण्याची विनंति केली आहे. जपानच्या न्यायाचें सूत्र सोपें आहे. वस्तूचें नांव काय हें पाहावयाचें नाहीं. ती करते काय हें पाहावयाचें.

आपल्या कायद्याचा रोंखही यापासून फार दूर नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत मोटार वाहनाची व्याख्या यंत्रशक्तीनें चालणारें, रस्त्यावर वापरण्याजोगें वाहन अशी आहे. त्यांत बसण्याच्या जागेखालीं कपडे भरतां येतात कीं नाहीं याचा उल्लेख नाहीं. बॅटरीवर चालणाऱ्या लहान वाहनांस केंद्रीय नियमांत कांहीं सवलत आहे खरी. मोटरीची शक्ति ठरलेल्या मोजणीनें २५० वॅटहून कमी आणि वेग ताशीं २५ किलोमीटरहून कमी असेल तर तें मोटार वाहन समजलें जात नाहीं. परंतु ही सवलत मान्यताप्राप्त चांचणी-संस्थेनें तपासून तसें प्रमाणित केलेल्या वाहनास आहे. विक्रेत्यानें 'हिला लायसन लागत नाहीं हो' असें तोंडीं सांगितलें म्हणजे ती मिळाली असें होत नाहीं. शिवाय सवलत मिळो वा न मिळो, सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जीवितास धोका होईल अशा बेफिकिरीनें वाहन हांकणें किंवा स्वारी करणें हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमान्वयें गुन्हाच आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात.

रेल्वेच्या फलाटाविषयीं तर आपल्या महाराष्ट्रांतच दोन बोलके प्रसंग घडून गेले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्यें विरार स्टेशनांत प्रसूतिवेदना सुरू झालेल्या एका स्त्रीस रुग्णालयांत पोंचविण्यासाठीं एका रिक्षावाल्यानें आपली रिक्षा थेट फलाटावर नेली. हेतु चांगला, स्त्री संकटांत. तरीही त्यास न्यायालयापुढें उभें राहावें लागलें, आणि न्यायालयानें ताकीद देऊन त्यास सोडून दिलें. ऑक्टोबर २०२२ मध्यें कुर्ला स्टेशनांत दुसरी एक रिक्षा फलाटावर शिरली. तेव्हां रेल्वे सुरक्षा दलानें चालकावर कारवाई केली. पहिल्या प्रसंगीं कायद्यानें दया दाखविली, पण 'फलाट हा वाहनांचा रस्ता नव्हे' हें तत्त्व मात्र सोडलें नाहीं. प्रसूतीच्या वेदनांनीं तळमळणाऱ्या स्त्रीच्या रिक्षेस जर याचें उत्तर द्यावें लागतें, तर धडधाकट प्रवाशाच्या हौसेस तें द्यावें लागूं नये असें कोण म्हणेल?

बारा फुटांचा हिशेब

'ताशीं १३ किलोमीटर म्हणजे काय मोठासा वेग? सायकल याहून जोरांत जाते,' असा आक्षेप तरुण मंडळी घेतील. त्यांच्यासाठीं थोडें गणित करूं.

सामान्य माणूस ताशीं सुमारें ५ किलोमीटर चालतो. १३ किलोमीटर हा वेग त्याच्या २.६ पट झाला. परंतु धक्क्याचा जोर वेगाच्या प्रमाणांत वाढत नसून वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे त्याच माणसाच्या अंगांतील आघातशक्ति सुमारें पावणेसातपट होते. या वेगानें वस्तु एका सेकंदांत १२ फूट पुढें जाते. समोर मूल आडवें आलें हें डोळ्यांस दिसून हातानें कळ सोडून ब्रेक लागेपर्यंत साधारण एक सेकंद गेला असें धरलें, तर बॅग थांबावयास लागण्यापूर्वींच १२ फूट गेलेली असते. गर्दीच्या फलाटावर १२ फुटांत किती माणसें असतात हें चतुर्थीच्या आदल्या दिवशीं कोणींही मोजून पाहावें.

दुसरी गोष्ट चाकांची. सायकलचें चाक मोठें असतें म्हणून तें लहानशा खांचेवरून सहज जातें. बॅगेचीं चाकें तळहाताएवढीं. फरशीची उखडलेली कड, पावसानें वाहून आलेला खडा, सांडपाण्याच्या जाळीची फट, यांपैकीं कशांतही पुढचें चाक अडकलें कीं बॅग थांबते आणि स्वार पुढें जातो. या वेगांत पडणें म्हणजे दोन फुटांहून थोड्या अधिक उंचीवरून पडण्याइतकें होय. विशीच्या मुलास त्यानें खरचटेल. पण ज्या आजोबांच्या अंगावर तो पडेल त्यांच्या खुब्याचें हाड मोडूं शकेल. सत्तरीनंतर मोडलेल्या खुब्यामागें शस्त्रक्रिया, महिनोन् महिने अंथरूण आणि सर्व घराची ओढाताण कशी येते हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस सांगावयास नको.

आणि फलाटाला एक बाजू अशी आहे कीं जेथें कठडा नाहीं. चालणाऱ्याचा तोल गेला तर तो एक पाऊल सांवरून घेतो. बॅगेवरील स्वाराचे पाय जमिनीवर नसतात.

ही भीति कल्पनेची नव्हे. सिंगापूर हें नवीन यंत्रांचें कौतुक करणारें शहर. तेथें विजेच्या उभ्या स्कूटर पदपथांवर पुष्कळ वर्षें चालूं दिल्या होत्या. सप्टेंबर २०१९ मध्यें अशा स्कूटरशीं टक्कर होऊन सायकलवरून जाणारी एक वृद्ध स्त्री मृत्यु पावली, आणि ५ नोव्हेंबर २०१९ पासून सरकारनें त्या स्कूटरांस पदपथावर पूर्ण बंदी केली.

पोटांतला निखारा

बॅग उभी असली, कोणी बसलेलें नसलें, तरीही दुसरा एक धोका तिच्या पोटांत असतो. तो म्हणजे लिथियमची बॅटरी. ही बॅटरी थोड्या जागेंत पुष्कळ शक्ति सांठविते, हाच तिचा गुण आणि हाच तिचा दोष. आदळआपट, ओल, हलक्या प्रतीचें चार्जर किंवा बनावटींतील उणीव यांमुळें आंतील पडदा फाटला तर एक कोश तापतो, तो शेजारच्यास तापवितो, आणि उष्णता आपली आपणच वाढत जाऊन आग भडकते. ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईजवळ एक मालवाहू विमान कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखीं पडले. आग ज्या मालांत लागली त्यांत लिथियमच्या बॅटऱ्या होत्या. आपल्याच देशांत ऑक्टोबर २०२५ मध्यें दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानांत एका प्रवाशाच्या पॉवर बँकेनें पेट घेतला. सुदैवानें विमान अद्याप जमिनीवरच होतें.

म्हणूनच विमान-कंपन्यांचे नियम कडक आहेत आणि ते प्रवासापूर्वीं समजून घेतले पाहिजेत. बॅटरीची शक्ति 'वॅट-तास' या मापानें मोजतात. व्होल्टचा आंकडा आणि अँपिअर-तासांचा आंकडा यांचा गुणाकार केला कीं तें माप निघतें, उदाहरणार्थ ३.७ व्होल्टची २० अँपिअर-तासांची (म्हणजेच २०,००० मिलिअँपिअर-तासांची) बॅटरी ७४ वॅट-तासांची झाली. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी साधारणपणें आपल्याबरोबर नेतां येते. १०० ते १६० पर्यंत कंपनीची पूर्वपरवानगी लागते. त्यापुढील प्रवाशाच्या सामानांत चालत नाहीं. बॅग विमानाच्या पोटांत द्यावयाची असेल तर बॅटरी काढून हातांत घ्यावी लागते. ज्या बॅगेंतून ती काढतांच येत नाहीं ती बॅग घेण्यास अमेरिकेंतील मोठ्या विमान-कंपन्यांनीं जानेवारी २०१८ पासून नकार दिला, आणि पुढें तोच शिरस्ता जगभर पडला. या नियमांमागचें कारणही जाणून घेण्यासारखें आहे. माणसांजवळ आग लागली तर ती दिसते आणि विझवितां येते. सामानाच्या कोठ्यांत लागली तर ती कळण्यापूर्वींच वाढते.

आगगाडींतही हीच सावधगिरी हवी. २०२१ सालीं पश्चिम रेल्वेनें डब्यांतील चार्जिंगचे सॉकेट रात्रीं ११ पासून पहांटे ५ पर्यंत बंद ठेवण्याचें ठरविलें, तें आगीच्या भयामुळेंच. सर्व डबा झोंपला असतां कोणाच्या उशाशीं काय तापत आहे हें कोण पाहणार?

सोय कोणाची?

या बॅगेच्या समर्थनार्थ एक भावनेचा मुद्दा पुढें येतो: म्हाताऱ्या माणसांची केवढी सोय होईल! तो नीट तपासून पाहिला म्हणजे पोकळ ठरतो. या बॅगेवर बसावयाचें तर दोहों बाजूंस पाय टाकून, गुडघे मुडपून, तोल सांभाळीत, एका हातानें वेग आणि दुसऱ्यानें ब्रेक आवरीत बसावें लागतें. गुडघे धरलेल्या आजीस तिच्यावर चढणेंही कठीण आणि उतरणें त्याहून कठीण. म्हणजे ज्यांना चालवत नाहीं त्यांच्या हें कामाचें नाहीं. ज्यांना उत्तम चालतां येतें त्यांच्यासाठीं तें आहे. सोय सशक्ताची आणि धोका अशक्ताचा, असा हा व्यवहार आहे. वृद्धांसाठीं खरोखर कांहीं करावयाचें असेल तर चाकांची खुर्ची, उतरती वाट, वेळेवर मिळणारा हमाल आणि गाडी थांबण्याचीं दोन मिनिटें जास्त, या गोष्टी मागाव्या. मोठ्या स्टेशनांत वृद्ध व अपंग यांच्यासाठीं बॅटरीच्या गाड्या असतात. पण त्या ठराविक माणूस, ठराविक वाटेनें, मंद गतीनें चालवितो आणि त्याची जबाबदारी कोणावर हें ठरलेलें असतें.

वैभववाडीच्या लोकांस रेल्वेच्या सुरक्षिततेचा धडा पुस्तकांतून घ्यावा लागला नाहीं. २२ जून २००३ च्या रात्रीं कारवारहून मुंबईस निघालेली सुटीची खास गाडी येथील स्टेशनाजवळ रुळांवर कोसळलेल्या दरडीमुळें घसरली आणि ५० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्या अपघाताचा आणि प्रस्तुत बॅगेचा प्रत्यक्ष संबंध कांहीं नाहीं. परंतु कोंकण रेल्वे पावसाळ्यांत निराळें वेळापत्रक चालविते आणि गाड्यांचा वेग उतरविते, तेव्हां मुंबईस पोंचावयास उशीर होतो म्हणून आपण कुरकुर करीत नाहीं. कारण तो उशीर कोणाच्या जीवितासाठीं आहे हें आपणांस ठाऊक आहे. शेंकडों माणसांची गाडी दुसऱ्यांच्या जिवासाठीं आपला वेग आवरते. मग एका माणसाच्या पेटीनें तो कां आवरूं नये?

घरांत ठरवावयाच्या गोष्टी

ही वस्तु सरसकट त्याज्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. रिकाम्या अंगणांत किंवा मोकळ्या मैदानांत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, मुलांनीं तिच्यावर चक्कर मारली तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र ती घरांत येण्यापूर्वींच चार गोष्टी वडीलधाऱ्यांनीं ठरवून टाकाव्या. वस्तु आल्यावर नियम करूं लागलें म्हणजे रडारड होते.

पहिली गोष्ट, बॅटरी सहज काढतां येते कीं नाहीं आणि तिच्यावर वॅट-तासांचा आंकडा छापलेला आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून बॅग घेऊं नये. दुसरी, ती रात्रीं कोणी जागें नसतांना चार्जिंगला लावूं नये. जिन्याखालीं, देवघरांत किंवा माजघरांत कपड्यांच्या गाठोड्यांशेजारीं तर मुळींच नाहीं. फुगलेली, पडून चेपलेली किंवा भिजलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये. तिसरी, फलाट, जिना, बसस्थानक, बाजारपेठ आणि करूळ अगर भुईबावडा घाटाकडे जाणारे उताराचे रस्ते येथें ती केवळ ओढीत न्यावी. तिच्यावर बसावयाचें नाहीं. चौथी गोष्ट पाहुण्यांची. परदेशांतून आलेला पुतण्या 'काका, तिकडे सगळे चालवतात' असें म्हणेल. त्यास ओसाकाची हकीकत सांगावी आणि प्रेमानें पण ठामपणें म्हणावें, "बाळा, तिकडच्यांनींच आधीं अडविलें आहे. इकडे आजी फलाटावर बसलेली असते. तिच्यापर्यंत पायींच चालत ये."

याशिवाय एक विचार कर्त्या पुरुषानें मनाशीं करावा. मोटारीनें कोणास इजा झाली तर विम्याची कंपनी उभी राहते, कारण तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्यानेंच सक्तीचा केला आहे. बॅगेस असा विमा नाहीं. तिनें एखाद्याचें हाड मोडलें तर औषधपाण्याचा खर्च, कोर्टकचेरी आणि आयुष्यभराची रुखरुख हीं सर्व घराच्या शिरावर येतात. विकत घेतांना या किंमतीची पावती कोणी देत नाहीं.

यंदां चतुर्थीस अशी बॅग आपल्या दारीं आलीच, तर तिची बॅटरी काढून ती फडताळांत ठेवावी, आंतील कपडे घडी करून लावावे आणि रिकामी झालेली पेटी फलाटावर पूर्वीच्या ट्रंकेसारखीच वापरावी. तिच्यावर आजीनें बसावें, मांडीवर नातू घ्यावा आणि गाडीची वाट पाहावी.